'द एक्स्पान्स'मधलं युद्ध कसं पाहावं: आधी मागणी, मग तोफ

वहीचं एक कोरं पान घ्या आणि सगळ्यात वर एकच प्रश्न लिहा: "काय मिळालं तर ही बाजू उद्या सकाळी लढाई थांबवेल?" 'द एक्स्पान्स' ही माणूस सूर्यमालेत पसरल्यानंतरच्या काळातली विज्ञानकथा मालिका. तिच्यातल्या प्रत्येक बाजूसाठी असं वेगळं पान करायचं. पृथ्वीसाठी एक, मंगळासाठी एक, लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या बेल्टर लोकांसाठी निदान दोन, कारण त्यांच्यात एकमत नाही. शस्त्रांसाठी पानाचा खालचा अर्धा भाग मोकळा सोडायचा. तो नंतर भरायचा आहे.

मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. रविवारी सकाळी काही मुलंमुली घरी जमतात. आम्ही 'द एक्स्पान्स'चा एक भाग बघतो आणि ऊन फार नसेल तर भुईकोट किल्ल्याच्या बागेत बसून त्यावर बोलतो. ही पद्धत त्या बसण्यांतून तयार झाली आहे. सहा सीझन आणि 62 भागांची ही मालिका डिसेंबर 2015 ते जानेवारी 2022 या काळात आली. जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांवर ती आधारलेली आहे. पुढे कथानकातल्या बऱ्याच गोष्टी उघड होतील. ज्यांना त्या आधी कळायला नको असतील त्यांनी मालिका बघून मग इथे यावं.

मागणी एका वाक्यात लिहा

मुलं पहिल्यांदा लिहितात: "मंगळाला जिंकायचं आहे." हे उत्तर मी खोडून टाकते. जिंकायचं तर सगळ्यांनाच असतं. मागणी अशी हवी की ती देता येईल किंवा नाकारता येईल. मंगळाला आपला ग्रह हिरवा करायचा आहे, त्यावर उघड्या हवेत श्वास घ्यायचा आहे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आहे आणि तेवढी वर्षं पृथ्वीने मध्ये येऊ नये, ही झाली मागणी. पृथ्वीच्या पानावर लिहा: आहे ते टिकवायचं. अब्जावधी माणसं, त्यांतल्या कित्येकांना काम नाही, सरकारी मदतीवर जगतात, आणि बाहेरून येणारा कच्चा माल थांबला तर हा गाडा अडतो. पृथ्वीच्या सरकारातल्या अवसरला बाईंचं प्रत्येक पाऊल या ओळीशी ताडून बघा, बरंचसं उलगडतं.

बेल्टरांची मागणी समजायला सोलापूरच्या मुलांना वेळ लागत नाही. पहिल्याच भागात शनीच्या कड्यांतून बर्फ घेऊन सेरेसकडे निघालेलं कँटरबरी नावाचं जहाज उडवलं जातं. सेरेस हा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला सर्वांत मोठा गोल, व्यास सुमारे 940 किलोमीटर. तिथल्या वस्तीचं पाणी बाहेरून येतं. आमच्याकडे उजनीत पाणी असूनही नळाला ते काही दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी घरातलं कोणीतरी कामावर उशिरा जातं. त्यामुळे कँटरबरी फुटल्यावर आमच्या खोलीत लगेच प्रश्न आला, "मॅडम, आता सेरेसला पाणी कवा येणार?" मुलीने स्फोटाबद्दल एक शब्द काढला नाही, बर्फाबद्दल विचारलं. बेल्टरांच्या पानावर मी तिचाच प्रश्न लिहायला सांगितला. हवा, पाणी आणि त्यांचा नळ कोणाच्या हातात असेल, हे ठरवण्याचा हक्क.

मागणी ठोस असली की युद्ध थांबवता येतं, हे शिकवायला मला लांब जावं लागत नाही. आम्ही ज्या किल्ल्यात बसतो तोच सोळाव्या शतकात युद्धाची मागणी होता. विजापूरच्या आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिचं लग्न 1524 च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं. हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचं ठरलं होतं. तो दिला गेला नाही आणि दोन्ही शाह्या त्यावरून वर्षानुवर्षं लढल्या. पुढे बुऱ्हाणचा मुलगा हुसेन निजामशहा याची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा याच किल्ल्याचा हुंडा उलट्या दिशेने गेला. भांडणाची वस्तू हातची गेली, तंटा मिटला आणि 1565 साली हीच दोन घराणी विजयनगरविरुद्ध तालिकोटला एका बाजूने उभी राहिली. आता पाचव्या सीझनमधला बेल्टरांचा बंडखोर नेता मार्को इनारोस बघा. त्याचं भाषण पुन्हा पुन्हा लावा आणि विचारा, याला नक्की काय दिलं तर हा थांबेल? पृथ्वी आणि मंगळ यांनी आपापल्या हवेच्या थरात गप्प राहावं, बाहेरचं सगळं आमचं, असं तो म्हणतो. ही मागणी मान्य झाली हे कोण आणि कधी ठरवणार? त्याचं पान लिहिताना मुलांची पेन्सिल अडखळते, आणि ती अडखळायलाच हवी.

सांगितलेली मागणी आणि खरी मागणी

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ती बाजू जे जाहीर करते ते, उजवीकडे तिच्या वागण्यावरून जे दिसतं ते. या रेघेसाठी पहिला सीझन उत्तम आहे. कँटरबरीला फसवायला लावलेल्या खोट्या मदतीच्या हाकेत मंगळाच्या बनावटीचा भाग सापडतो. कँटरबरीवरचा वाचलेला अधिकारी होल्डन ते साऱ्या सूर्यमालेला सांगून टाकतो आणि सगळे मंगळावर उसळतात. खरा हात निघतो प्रोटोजेन या पृथ्वीवरच्या कंपनीचा. तिला जमीन नको, पाणी नको. तिला युद्धच हवं आहे, कारण सगळे एकमेकांकडे बघत असताना इरॉस या लघुग्रहावर प्रोटोमॉलिक्यूलचा, म्हणजे सजीवांना बदलून टाकणाऱ्या परक्या पदार्थाचा, प्रयोग कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. आमच्या प्रश्नाचं उत्तर इथे "काहीही दिलं तरी थांबणार नाही" असं येतं. असं उत्तर आलं की त्या बाजूभोवती लाल पेनाने चौकट करायची. तिच्याशी वाटाघाटीला बसणारं पात्र वेळ वाया घालवत असतं.

आणि काही शस्त्रं डागण्यासाठी नसतात, तीही उजवीकडे नोंदवा. दुसऱ्या सीझनमध्ये इरॉसकडे सोडलेल्या पृथ्वीच्या क्षेपणास्त्रांपैकी काही बेल्टरांचा पुढारी फ्रेड जॉन्सन गुपचूप ठेवून घेतो. त्याची मागणी आहे वाटाघाटीच्या टेबलावर पट्ट्यासाठी एक खुर्ची. हातात अण्वस्त्रं असलेल्या माणसाला ती खुर्ची नाकारता येत नाही, एवढाच त्यांचा उपयोग.

शस्त्राकडे बघताना गणित करा

आता खालचा अर्धा भाग. मुलांना इथे पोचायची घाई असते, आणि त्यांचं बरोबर आहे. या मालिकेतली लढाई खरोखर अभ्यासावी अशी आहे. पहिल्या सीझनचा चौथा भाग लावा, मंगळाची डॉनेजर ही युद्धनौका हल्ल्यात सापडते तो. प्रत्येक शस्त्रासाठी तीन गोष्टी लिहा: ते किती लांब पोचतं, पोचायला किती वेळ लागतो, आणि समोरचा तेवढ्या वेळात काय करू शकतो.

रेलगनचं, म्हणजे विजेच्या जोराने गोळी फेकणाऱ्या तोफेचं, उदाहरण फळ्यावर सोडवते तसंच इथे देते. तिची गोळी सेकंदाला 10 किलोमीटर जाते असं धरून चाला. हा आकडा हिशेबासाठी मी घेतलेला आहे. शत्रू 1,000 किलोमीटरवर असेल तर गोळी पोचायला 100 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात समोरच्या जहाजाने नुसत्या एक जी प्रवेगाने, म्हणजे पृथ्वीवर वस्तू खाली पडते त्या प्रवेगाने, इंजिन आडवं चालवलं तरी ते मूळ जागेपासून 49 किलोमीटर सरकतं. गोळीला वळता येत नाही, ती रिकाम्या जागेतून निघून जाते. हेच अंतर 100 किलोमीटर असेल तर हाती 10 सेकंद उरतात आणि जहाज जेमतेम अर्धा किलोमीटर हलतं. हे गणित एकदा केलं की मालिकेतली शस्त्रांची वाटणी आपोआप कळते. लांबून टॉर्पेडो, कारण तो पाठलाग करतो. जवळ आलं की रेलगन. आणि आलेला टॉर्पेडो अगदी शेवटच्या क्षणी फोडायला पीडीसी, म्हणजे गोळ्यांचा फवारा मारणाऱ्या तोफा. हे शेवटचं शस्त्र आजही आहे. आपल्या नौदलाच्या जहाजांवरची सहा नळ्यांची, 30 मिलिमीटरची एके-630 तोफ हेच काम करते. रेलगनचीही खरी चाचणी झालेली आहे. अमेरिकेच्या नौदलाने डिसेंबर 2010 मध्ये 33 मेगाज्यूल ऊर्जेचा मारा करून दाखवला आणि 2021 मध्ये ते काम थांबवलं.

डॉनेजरच्या त्याच भागात रेलगनची एक गोळी जहाजाच्या या भिंतीतून त्या भिंतीत आरपार जाते आणि वाटेत होल्डनचा सोबती शेड गार्वी असतो. तो प्रसंग लहान मुलांना दाखवू नका. मोठ्यांनी मात्र थांबून बघावं, कारण त्यानंतर सगळे जण सर्वांत आधी भिंतीची दोन भोकं बुजवतात. आकाशात हवा हीसुद्धा रसद आहे.

वेळेचा हिशेब आणखी एका जागी करायचा. इथे संदेश प्रकाशाच्याच वेगाने जातो. पृथ्वी ते मंगळ हे अंतर बदलत असतं, त्यामुळे तीन मिनिटांपासून बावीस मिनिटांपर्यंत वेळ लागतो. शनीजवळची बातमी तासाभराहून जुनी होऊन पोचते. म्हणून प्रत्येक हुकुमासमोर कंसात लिहा: ही बातमी किती शिळी होती? तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला पृथ्वी मंगळाचे लपवलेले क्षेपणास्त्रतळ एकाच फटक्यात उडवायला जाते. एक तळ वाचतो, डागतो, आणि एक क्षेपणास्त्र दक्षिण अमेरिकेत पडतं. तो भाग बघताना घड्याळ समोर ठेवा. पहिला वार करायची घाई का होते, हे मी वर्गात पहिल्या महायुद्धाच्या 1914 च्या, सैन्य हलवण्याच्या वेळापत्रकांवरून शिकवते. या भागानंतर तोच धडा मुलांना निम्म्या वेळात समजला.

शरीर हेही तंत्रज्ञान धरा

हा माझा सर्वांत आवडता मुद्दा आहे आणि बहुतेक जण तो सोडून देतात. मालिकेतल्या जहाजांचं एपस्टीन इंजिन इतका वेळ इतका जोर लावू शकतं की मर्यादा इंजिनाची राहतच नाही, माणसाची येते. दुसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात सॉलोमन एपस्टीन स्वतःच्याच इंजिनाच्या दाबाखाली खुर्चीला खिळतो आणि इंजिन बंद करायला त्याचा हात उचलत नाही. म्हणून लढाईआधी खुर्च्यांतून अंगात हा दाब सोसायचं औषध टोचलं जातं. आता बेल्टरांचं बघा. कमी गुरुत्वात वाढलेली उंच, बारीक हाडांची माणसं. पहिल्याच भागात पृथ्वीवर एका बेल्टर कैद्याला नुसतं लटकवून ठेवलं जातं, गुरुत्वच त्याचा छळ करतं.

यावरून मागणीच्या पानावर परत जा. ज्या फौजेला पृथ्वीवर उभं राहता येत नाही ती पृथ्वी जिंकून तिथे राज्य करू शकत नाही. जमीन ही तिची मागणी होऊच शकत नाही. तिच्या हाती दोनच गोष्टी उरतात: वाट अडवणं आणि वरून मारणं. पाचव्या सीझनमध्ये इनारोस नेमकं हेच करतो.

दगडांचा हल्ला

या भागांसाठी एक पूर्ण रविवार ठेवा. इनारोस लघुग्रहांचे तुकडे पृथ्वीकडे ढकलतो आणि त्यांना मंगळाच्या नौदलाचा, रडारला न दिसणारा लेप लावतो. हे शस्त्र इतकं भयंकर का ठरतं? जहाज दिसतं ते त्याच्या इंजिनाच्या झोतामुळे. दगडाला एकदा ढकललं की झोत नाही, उष्णता नाही, तो नुसता पडत येतो. आणि स्फोटकाची गरजच नाही. सेकंदाला 20 किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक किलो दगडात 20 कोटी ज्यूल ऊर्जा असते. एवढ्यासाठी सुमारे 48 किलो टीएनटी लागतं, आणि वर सांगितलेल्या अमेरिकेच्या त्या रेलगनच्या माऱ्याच्या ही सहापट आहे. दगड किलोचा नसतो, हजारो टनांचा असतो.

फेब्रुवारी 2013 मध्ये रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे 20 मीटरचा दगड हवेतच फुटला तरी फुटलेल्या काचांनी वगैरे मिळून साधारण 1,500 माणसं जखमी झाली. आणि आपल्याकडे लोणार आहे. कठीण काळ्या बेसाल्टमध्ये जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा. शक्य असेल तर मुलांना पाचवा सीझन दाखवण्याआधी लोणारच्या काठावर उभं करा. आमची सहल झाली तेव्हा काठावरून खालच्या झाडांकडे बघत मुलं बराच वेळ बोलली नाहीत. नंतर पडद्यावर पहिला दगड आदळला तेव्हा कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

आता खरा प्रश्न विचारा: तो लेप इनारोसकडे आला कुठून? तिसऱ्या सीझनच्या शेवटी, प्रोटोमॉलिक्यूलने बांधलेल्या महाकाय कड्यापलीकडची, दुसऱ्या ताऱ्यांकडे नेणारी तेराशेहून जास्त दारं उघडतात. पलीकडे श्वास घेता येईल अशा तयार पृथ्व्या आहेत. मग मंगळ हिरवा करायला पिढ्या कशाला खर्चायच्या? मंगळाची मागणी कोणी पराभूत केली नाही, ती निरर्थक झाली. चौथ्या सीझनमध्ये मंगळाची माजी सैनिक बॉबी ड्रेपर मंगळावर काय बघते ते बारकाईने टिपा. जहाजं मोडीत निघतात, सैनिक बेकार होतात, गोदामांतून माल चोरबाजारात जातो. सोलापूरच्या बंद पडलेल्या गिरण्यांचे भोंगे ज्यांच्या आजोबांनी ऐकले त्या घरांतली मुलं हे भाग गप्प होऊन बघतात. कामाचं कारण संपलं की यंत्रं आणि हुन्नर कुठे जातात, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून मंगळाच्या पानावर वरची मागणी खोडा आणि खालच्या प्रत्येक शस्त्रापासून एक बाण काढून ते कोणाच्या पानावर गेलं ते दाखवा. काही बाण इनारोसकडे जातील. नौदलाचा मोठा तुकडा, डुआर्टे या फुटलेल्या मंगळी अधिकाऱ्याच्या माणसांबरोबर, लॅकोनिया या ग्रहाकडे नेणाऱ्या दारातून पलीकडे गेलेला आहे.

शस्त्र मागणीपर्यंत पोचतं का?

शेवटची पायरी, आणि इथेच खरा वाद होतो. प्रत्येक पानावर वरच्या मागणीपासून खालच्या शस्त्रापर्यंत रेघ ओढा. शस्त्र वापरलं तर ती मागणी पुरी होते का? दगडांनी पृथ्वीचं अतोनात नुकसान झालं. पण पट्ट्यातल्या माणसाला त्यातून पाणी मिळालं का? पृथ्वीवरून येणारी मदत, बी-बियाणं, माल, सगळं त्या दगडांनीच थांबवलं. सहाव्या सीझनमध्ये इनारोस सेरेस सोडून जाताना तिथला साठा उचलून नेतो, म्हणजे तिथल्या लाखो तोंडांची जबाबदारी पृथ्वीच्या आरमारावर पडावी. लष्करी चाल म्हणून ती हुशार आहे. जाणून घ्या आणि मान्य करा. पण ती तोंडं बेल्टरांची आहेत. ज्यांच्यासाठी लढतो म्हणतो त्यांचंच पाणी त्याने हत्यार म्हणून वापरलं. माझ्या मते मालिकेतला त्याचा पराभव शेवटच्या लढाईत होत नाही, इथेच होतो, आणि ड्रमर या बेल्टर कप्तान बाईचं त्याच्या विरोधात जाणं मला म्हणूनच पूर्ण पटतं. आमच्यातले काही जण हे मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, दगड पडेपर्यंत पट्ट्याचं कोणी ऐकलंच नव्हतं. त्यांनाही पानावर जागा द्या, उत्तर पुसायला लावू नका.

मोठं शस्त्र कसं पोसायचं हा प्रश्न याच पायरीवर घ्या. विजापूरची मुलुख-ए-मैदान तोफ 1549 ची, अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे 55 टन. ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 मध्ये विजापूरला नेली. ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले असं सांगतात. मुलांना विचारा, त्या बैलांचा चारा कोणाच्या शेतातला? मग होल्डनच्या रोसिनांते या जहाजावर या. टॉर्पेडो किती उरले, भोकं कोण बुजवतं, त्यावरचे नेओमी आणि एमोस दुरुस्तीत किती वेळ घालवतात. जी मालिका हे दाखवते तिच्यातल्या युद्धावर विश्वास ठेवावा.

बैठक घेताना

एका वेळी एकच भाग. सलग बघितलं की शस्त्रं लक्षात राहतात आणि मागण्या विसरतात. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा. निक फार्मर या भाषातज्ज्ञाने रचलेली बेल्टरांची मिश्र बोली त्याशिवाय निसटते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकणाऱ्या आमच्या मुलांना ती परकी वाटत नाही, तरी वाचायला मिळाली तर बरी. प्रत्येक मुलाला एक बाजू द्या आणि तीन भागांनंतर ती बदला. आपल्या आधीच्या बाजूचं पान दुसऱ्याने कसं पुढे नेलं हे वाचताना फार शिकायला मिळतं. पुरेसा वेळ नसेल तर दुसऱ्या सीझनमधले गुरूच्या गॅनिमीड या चंद्राचे भाग, तिसऱ्याची सुरुवात आणि पाचवा सीझन एवढं घ्या. चौथ्यातले मंगळावरचे प्रसंग तेवढे निवडून दाखवा.

मालिका संपते तेव्हा लॅकोनियाचं काय होतं हे दाखवलेलं नाही. तिथे उलटी पद्धत वापरा. खालून वर जा. मुलांना सांगा की डुआर्टेकडे मंगळाच्या नौदलाचा शिस्तबद्ध तुकडा आहे, प्रोटोमॉलिक्यूलचा नमुना आहे आणि जायला-यायला एकच दार असलेला अख्खा ग्रह आहे. एवढ्या सामानावरून त्याची मागणी एका वाक्यात लिहा, आणि तिला थांबवायला पृथ्वीने कोणतं शस्त्र आतापासून तयार ठेवावं तेही लिहा. कादंबऱ्या वाचलेल्यांनी या फेरीत गप्प बसायचं.